घरून ऑनलाइन परीक्षा आणि मुलाखत देताना: संशयाला जागा राहू नये म्हणून काय करावे, आणि फ्लॅग लागलाच तर पुढे काय

घरून दिलेल्या परीक्षेत प्रामाणिक उमेदवारावर संशय येतो त्यामागची कारणे बहुतेक वेळा साधी असतात. मागून घरातले कोणी गेले. कूलरच्या घरघरीत बाहेरचे बोलणे मिसळले. लाइन गेली आणि कॅमेरा बंद पडला. टचपॅडवर तीन बोटे घासली आणि पडद्यावर दुसरीच विंडो आली. परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला यातला हेतू कळत नाही. काय घडले आणि किती वाजता घडले, एवढेच ते नोंदवते. संशयाच्या अशा नोंदीलाच फ्लॅग म्हणतात. त्या नोंदीचा अर्थ नंतर माणूस लावतो, आणि कधी कधी माणूसही लावत नाही.

म्हणून तयारी दोन पातळ्यांवर करावी लागते. असे प्रसंग आधीच टाळायचे, आणि टळलेच नाहीत तर आपल्या बाजूची नोंद हाताशी ठेवायची. नागपुरातल्या मिहानमधल्या किंवा परसोडीच्या आयटी पार्कमधल्या नोकरीसाठी पहिली चाचणी देणारे, हिंगणा रोड आणि काटोल रोडच्या कॉलेजांतले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, घरून प्रमाणपत्र परीक्षा देणारे नोकरदार, अशा सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

परीक्षा कोणत्या प्रकारची आहे ते आधी पाहा

केंद्रावर जाऊन संगणकावर द्यायच्या परीक्षा, म्हणजे जेईई मेन, बँकांच्या, रेल्वेच्या वगैरे, इथे बाजूला ठेवू. तिथे यंत्र, वीज आणि नेट ही सगळी केंद्राची जबाबदारी असते. घरून द्यायच्या परीक्षांचे तीन प्रकार पडतात. पहिल्यात जिवंत पर्यवेक्षक, ज्याला सगळे प्रॉक्टर म्हणतात, संपूर्ण वेळ पाहत असतो आणि चॅटवर बोलतो. दुसऱ्यात सगळे रेकॉर्ड होते आणि नंतर कोणीतरी तपासते. तिसऱ्यात फक्त सॉफ्टवेअर असते आणि ते शेवटी संशयाचा एक गुणांक काढून देते. कंपन्यांच्या भरतीतल्या पहिल्या चाळणीच्या चाचण्या बऱ्याचदा या तिसऱ्या प्रकारच्या असतात, आणि सर्वांत जास्त काळजी तिथेच घ्यावी लागते. कारण समोर कोणी नसते, त्यामुळे "लाइन गेली हो" हे सांगायचे कोणाला?

एका परीक्षेचा नियम दुसरीला लावू नका. परदेशी उच्च शिक्षणासाठी घरून दिल्या जाणाऱ्या जीआरई परीक्षेला साधा कोरा कागद चालत नाही. छोटा व्हाइटबोर्ड, किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद आणि पुसता येणारे मार्कर पेन, एवढेच चालते. पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या घरून द्यायच्या बहुतेक प्रमाणपत्र परीक्षांत कागद-पेन अजिबात चालत नाही, पडद्यावरचाच बोर्ड वापरावा लागतो. हेडफोनचेही तसेच. मुलाखतीत तो हवाच असतो, परीक्षेत बहुधा बंद असतो. नियमांचे पान परीक्षेच्या आठवडाभर आधी वाचा, पीडीएफ करून ठेवा आणि फाइलच्या नावात तारीख घाला. पुढे वाद झालाच, तर त्या दिवशी नियम काय होता हे तुम्हालाच दाखवावे लागेल.

सॉफ्टवेअर काय पाहते

कॅमेऱ्यातून ते चौकटीत चेहरा आहे का, एकापेक्षा जास्त चेहरे आहेत का, नजर आणि मान वारंवार एकाच बाजूला जाते का, हे पाहते. मायक्रोफोनमधून माणसाच्या आवाजासारखे काही येते का ते ऐकते. पडद्यावर परीक्षेची विंडो सोडून दुसरी विंडो पुढे आली की त्या सेकंदाची नोंद होते. कॉपी-पेस्ट, उजवे क्लिक आणि प्रिंट स्क्रीन यांची नोंद होते. सुरक्षित ब्राउझर, म्हणजे परीक्षेपुरता बाकी सगळे अडवणारा ब्राउझर, असेल तर तो चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादीही तपासतो: एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर (दुसऱ्याला दुरून तुमचा संगणक चालवू देणारे प्रोग्रॅम), स्क्रीन रेकॉर्डर, आभासी कॅमेरा, दुसरा मॉनिटर, आभासी यंत्र (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक). कोडिंगच्या चाचणीत यात आणखी एक भर पडते. तुमचा कोड इतरांच्या कोडशी रचनेच्या पातळीवर ताडला जातो. त्यामुळे व्हेरिएबलची नावे बदलून काही फरक पडत नाही. तसेच कोड टप्प्याटप्प्याने टाइप झाला की एकदम चाळीस ओळींचा गठ्ठा येऊन पडला, हेही दिसते.

या शेवटच्या गोष्टीत प्रामाणिक मुले नेहमी अडकतात. सवयीच्या एडिटरमध्ये कोड लिहायचा आणि तिथून चिकटवायचा, हे त्यांना स्वाभाविक वाटते. परीक्षकाच्या पडद्यावर मात्र तो बाहेरून आणलेला कोड दिसतो. दिलेल्या एडिटरमध्येच लिहा, आणि त्याची सवय आठवडाभर आधी करा.

फ्लॅग म्हणजे निकाल नाही, हे लक्षात ठेवा आणि गरज पडली तर समोरच्यालाही ठामपणे सांगा. प्रॉक्टर-यू या अमेरिकी कंपनीने मे २०२१ मध्ये निव्वळ सॉफ्टवेअरच्या भरवशावरचे पर्यवेक्षण विकणे बंद केले. त्यांनीच दिलेले कारण असे, की सॉफ्टवेअरने खूण केलेल्या सत्रांपैकी जेमतेम ११ टक्के सत्रे शिक्षक उघडून पाहत होते. उरलेल्यांचे काय करायचे ते कोणी पाहतच नव्हते.

खोली

टेबल भिंतीला लावा आणि स्वतः असे बसा की पाठीमागे दुसरी भिंत येईल, दार येणार नाही. दार मागे असेल तर कोणीही डोकावले की दुसरा चेहरा नोंदवला जातो. दार कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला असेल तर आत येणारा तुम्हाला दिसतो, कॅमेऱ्याला दिसत नाही. पण तेव्हा तुमची नजर तिकडे जाते आणि ओठ हलतात. म्हणून दाराला आतून कडी हवीच, आणि बाहेर वेळ लिहिलेला कागद चिकटवा: "दहा ते साडेबारा, आवाज देऊ नये, दार वाजवू नये." घरात आजी-आजोबा किंवा लहान मूल असेल तर कागदाने भागत नाही, त्यांना आदल्या रात्री समजावून सांगा.

उजेड चेहऱ्यावर समोरून पडला पाहिजे. पाठीमागे खिडकी असली की नागपूरच्या दुपारच्या उन्हात चेहरा काळा पडतो आणि सॉफ्टवेअर "चेहरा नाही" असे नोंदवते. ट्यूबलाइट डोक्याच्या मागे असेल तर ती पुढे घ्या, किंवा लॅपटॉपच्या मागे एक साधा टेबल लॅम्प भिंतीकडे तोंड करून ठेवा. परत येणारा मऊ उजेड पुरतो आणि चष्म्यावर चमकत नाही. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर हवा. लॅपटॉपखाली तीन-चार जाड पुस्तके ठेवून उंची जमते, पण पुस्तके परीक्षेच्या विषयाची नकोत आणि त्यांवर कापड घाला. अंतर हातभर ठेवा.

आता कूलर. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना तो बंद करून अडीच तास बसा, असे कोणी सांगणे योग्य नाही. पण खिडकीतल्या मोठ्या कूलरचा आवाज मायक्रोफोनला सतत येतो. त्यातून पर्यवेक्षकाला तुमचे बोलणे नीट ऐकू जात नाही, आणि सॉफ्टवेअर कधी कधी त्यालाच बोलणे समजते. वेळ निवडता येत असेल तर सकाळी सात ते नऊमधली घ्या. ती मिळाली नाही तर तासभर आधीपासून खोली गार करून घ्या आणि परीक्षेत कूलर सर्वांत कमी वेगावर ठेवा. आदल्या दिवशी लॅपटॉपवर पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग करा: दोन मिनिटे गप्प, एक मिनिट बोलून, पुन्हा दोन मिनिटे गप्प. ऐकल्यावर तुमचा आवाज कूलरपेक्षा स्पष्ट वेगळा येत असेल तर ठीक आहे. कूलरची दमट हवा थेट लॅपटॉपवर येऊ देऊ नका.

उष्णतेचा दुसरा परिणाम लवकर लक्षात येत नाही. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. कॅमेरा, पडद्याचे रेकॉर्डिंग आणि परीक्षा तिन्ही एकदम चालू असताना चित्र अडखळते आणि तुकडे गायब होतात. गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवून परीक्षा देऊ नये ते यासाठीच. कडक टेबल, मागे चार बोटे मोकळी जागा, आणि पुस्तकांवर ठेवताना खालच्या जाळ्या झाकल्या जात नाहीत ना, एवढे पाहा.

सकाळच्या कचरागाडीचे गाणे, लग्नसराईतली वरात, शेजारचे ड्रिलिंग, यांवर तुमचा ताबा नाही. असा आवाज सुरू झाला आणि जिवंत प्रॉक्टर असेल तर चॅटमध्ये लगेच एक ओळ टाका. ती ओळ वेळेसकट नोंदीत राहते. पीजीमध्ये राहत असाल तर रूममेटला तीन तास बाहेर पाठवण्यापेक्षा नातेवाइकाकडची एक रिकामी खोली मागणे सोपे जाते. अभ्यासिका आणि सायबर कॅफे यासाठी चालत नाहीत: तिथे चेहरे येतात, आणि सुरक्षित ब्राउझर टाकायला यंत्रावर हक्क मिळत नाही.

लाइन आणि नेट

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पंखे-दिवे त्यावर असतात, राउटरचा सॉकेट मात्र बऱ्याच घरांत नसतो. मेन स्विच खाली करून एकदा प्रत्यक्ष पाहा. राउटर इन्व्हर्टरवर असला तरी आणखी एक अडचण असते. बऱ्याच इन्व्हर्टरना यूपीएस आणि साधा असे दोन मोड असतात. साध्या मोडमध्ये बदल व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि त्याला नेट पकडायला दोन-तीन मिनिटे लागतात. परीक्षेच्या दिवशी मोड यूपीएसवर ठेवा.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा मिनी यूपीएस घ्या. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचा मजकूर वाचा: बहुतेक ठिकाणी १२ व्होल्ट असते, पण अँपिअर १, १.५ किंवा २ असू शकतात. यूपीएसचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरचा डबा आणि वायफायचा राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना वीज हवी. आणि तुमचे नेट थेट फायबर आहे, की गल्लीतल्या खांबावरच्या स्विचमधून केबलने येते, ते केबलवाल्याला विचारा. खांबावरच्या स्विचला स्वतःची वीज लागते. गल्लीची लाइन गेली की तो बंद पडतो, मग घरातला राउटर कितीही चालू असो.

पर्यायी नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. हिशेब असा: कॅमेरा आणि पडदा मिळून सेकंदाला दीड मेगाबिट वर जात असतील तर तासाला साधारण ६७५ एमबी लागतात, दोन तासांना १.३५ जीबी. रोज दीड जीबीचा प्रीपेड पॅक असेल आणि सकाळपासून दोन-चार व्हिडिओ पाहिले असतील, तर परीक्षेच्या मध्येच कोटा संपतो आणि वेग ६४ केबीपीएसवर येतो. तेवढ्यात काहीच चालत नाही. आदल्या दिवशी डेटाचा वेगळा टॉप-अप टाकून ठेवा.

इथे एक पेच आहे. हॉटस्पॉटचा फोन खोलीत लागतो, आणि फोन हाताच्या अंतरात ठेवायला परीक्षेत बंदी असते. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पडदा खाली करून ठेवा आणि सुरुवातीच्या तपासणीतच प्रॉक्टरला दाखवून सांगा. नियमच कडक असेल तर यूएसबी डोंगल हा बरा मार्ग. शक्य तिथे लॅपटॉप वायफायऐवजी लॅन केबलने जोडा.

लॅपटॉप

कंपनीने दिलेला लॅपटॉप वापरू नका. त्यात व्हीपीएन आणि देखरेखीचे प्रोग्रॅम असतात, ते बंद करता येत नाहीत आणि परीक्षेचा ब्राउझर तिथेच अडतो. स्वतःच्या यंत्रावर तीन दिवस आधी हे करा:

१. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, आभासी कॅमेरा आणि स्क्रीन रेकॉर्डर काढून टाका. नुसते बंद करून भागत नाही, काहींची सेवा मागे चालूच राहते.

२. विंडोजचे अपडेट एक आठवडा थांबवा. अपडेट आधीच उतरले असेल तर आदल्या रात्री रीस्टार्ट करून संपवून टाका.

३. टचपॅडच्या सेटिंगमध्ये तीन आणि चार बोटांच्या खुणा बंद करा. "विंडो बदलली" या फ्लॅगचे हे फार मोठे आणि फारच निरुपद्रवी कारण आहे.

४. शिफ्ट पाच वेळा दाबले की स्टिकी कीजची चौकट उघडते आणि परीक्षेची विंडो मागे जाते. तोही पर्याय बंद करा.

५. सूचना बंद ठेवा. फोन लॅपटॉपला जोडणारे फोन लिंक, व्हॉट्सअॅपचे डेस्कटॉप अॅप, एजमधली बाजूची एआय पट्टी आणि व्याकरण सुधारणारे एक्स्टेन्शन, सगळे बंद. शेवटचे विसरू नका, कारण ते उत्तराच्या चौकटीत आपोआप मजकूर सुचवते.

६. ब्लूटूथ बंद करा. कपाटात ठेवलेले इअरबड आपोआप जोडले गेले तर आवाज तिकडे जातो आणि हेडफोनचा फ्लॅग लागतो. स्मार्टवॉच काढून ठेवा.

७. मॅकबुकवर ब्राउझरला पडदा रेकॉर्ड करण्याची परवानगी आधीच द्या. ती दिल्यावर ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा लागतो. ऐन वेळी केले तर परीक्षेच्या पानातून बाहेर पडाल.

८. चार्जर लावलेलाच ठेवा. बॅटरी संपत आल्याची चौकटही विंडो मागे ढकलते.

शक्य असेल तर परीक्षेसाठी विंडोजमध्ये वेगळे युजर खाते काढा. तुमच्या फाइल, इतिहास आणि लॉगिन त्यात नसतात, त्यामुळे यंत्र हलके राहते आणि खासगी गोष्टीही बाजूला राहतात. सगळे झाल्यावर परीक्षा जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ पूर्ण सराव करा. पाच मिनिटांच्या सिस्टिम चेकमध्ये उष्णता दिसत नाही, ती दीड तासानंतर दिसते.

ओळखपत्र

नोंदणीत "पहिले नाव, वडिलांचे नाव, आडनाव" आणि आधारवर आडनाव आधी, किंवा लग्नानंतर एकीकडे बदललेले नाव: यावरून ऐन वेळी प्रवेश नाकारला जातो. नोंदणी करतानाच ओळखपत्र समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. परदेशी परीक्षांना पासपोर्टच लागतो का, ते नोंदणीच्या वेळीच पाहा. आधार दाखवायचेच असेल आणि नियमात बसत असेल तर पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार वापरा. लॅमिनेट केलेले कार्ड कॅमेऱ्यासमोर सरळ धरले तर दिव्याची चकाकी येते आणि अक्षरे पुसली जातात. थोडे तिरपे धरा. हिजाब, पगडी किंवा डोक्यावरून ओढणी असेल तर बहुतेक ठिकाणी धार्मिक कारणासाठी हरकत नसते, पण इअरफोन नाही हे पाहण्यासाठी कान दाखवायला सांगतात. स्त्री पर्यवेक्षक हवी असेल तर ती आदल्या दिवशीच मेलवर मागा.

परीक्षा चालू असताना

प्रश्न ओठ हलवत वाचायची सवय असेल तर ती मोडा, कारण त्याची नोंद बोलणे म्हणून होते. विचार करताना वर छताकडे पाहणे चालते, पण दर अर्ध्या मिनिटाला उजव्या खालच्या कोपऱ्यात पाहणे चालत नाही. रफ कागद चालत असेल तर सुरुवातीला दोन्ही बाजू कोऱ्या दाखवा आणि तो अगदी कीबोर्डच्या पुढे ठेवा, म्हणजे मान फार खाली जात नाही. पाणी पारदर्शक बाटलीत, लेबल काढून ठेवा.

नेट तुटले तर ब्राउझर स्वतःहून बंद करू नका. दोन मिनिटे थांबा, हॉटस्पॉट जोडा, त्याच लिंकवरून पुन्हा आत या. फोनने फोटो काढायला उठू नका. परीक्षा चालू असताना फोन हातात दिसणे हा नेट तुटण्यापेक्षा मोठा गुन्हा ठरतो. भिंतीवरच्या घड्याळात वेळ पाहून लक्षात ठेवा आणि परत आल्यावर चॅटमध्ये लिहा: किती वाजता तुटले, किती वाजता जोडले, कारण काय. प्रकृतीचे कारण असेल, मधुमेह, गरोदरपण, डोळ्यांचा किंवा मानेचा त्रास, तर सवलत आधी मागून लेखी मंजुरी घ्यावी लागते. ऐन वेळी सांगितलेले मानले जात नाही.

फ्लॅग लागला किंवा निकाल अडवला तर

परीक्षा संपताच, त्याच तासाभरात, जे घडले ते तारीख-वेळेसह लिहून काढा. लाइन गेली असेल तर महावितरणच्या १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्या आणि महावितरणचा एसएमएस आला असेल तर तो जपून ठेवा. नेटवाल्याकडून बिघाडाचा तिकीट क्रमांक घ्या. राउटरच्या पानावर तो कधी सुरू झाला याची नोंद असते, तिचा फोटो काढा.

मग मेल लिहा, शक्यतो २४ तासांत. त्यात राग नको, पाच गोष्टी नेमक्या मागा: कोणता फ्लॅग लागला, रेकॉर्डिंगमध्ये तो नेमक्या कोणत्या वेळी आहे, तो भाग मला दाखवता येईल का, तो माणसाने पाहिला का, आणि अपील कोणाकडे व किती दिवसांत करायचे. यानंतर तुमचे स्पष्टीकरण त्याच क्रमाने, प्रत्येक वेळेसमोर एक ओळ आणि एक पुरावा. "मी प्रामाणिक आहे" असे चार परिच्छेद लिहून उपयोग होत नाही. "१०.४२ ला वीज गेली, तक्रार क्रमांक असा, १०.४६ ला मोबाइल नेटवरून परत आलो" याला वजन असते.

परीक्षा सरकारी विद्यापीठाची किंवा मंडळाची असेल तर माहिती अधिकार कायदा २००५ वापरता येतो. अर्जाचे शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा उमेदवाराचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आहे. खासगी कंपनीच्या भरतीला हा कायदा लागू नाही, तिथे मेलवरच लढावे लागते.

लेखी असाइनमेंटवर "एआयने लिहिले" असा शिक्का बसला तर प्रकरण वेगळे आहे. हे ओळखणारी साधने मुळातच कच्ची आहेत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपन-एआयने स्वतःचे असे साधन कमी अचूकतेमुळे जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले, की ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले निबंध ही साधने निम्म्याहून जास्त वेळा एआयचे ठरवतात. मराठी माध्यमातून शिकून साधे, नेटके इंग्रजी लिहिणाऱ्या मुलांना याचा फटका सर्वांत आधी बसू शकतो. म्हणून असाइनमेंट गूगल डॉक्समध्ये लिहा, म्हणजे मजकूर कसा वाढत गेला याचा इतिहास राहतो. कच्चे टिपण वहीत असेल तर ती वही टाकू नका.

दूरस्थ मुलाखत

मुलाखतीत नियम लिहिलेले नसतात, म्हणून ते विचारून घ्यावे लागतात. फेरी ठरवणाऱ्या एचआरला मेल करा: सर्च चालेल का, दस्तऐवज उघडता येतील का, एआय साधन चालेल का, टिपणे समोर ठेवली तर चालेल का? काही कंपन्या आता एआय वापरू देतात आणि तुम्ही ते कसे वापरता हेच पाहतात. काही पूर्ण मनाई करतात. मेलवरचे उत्तर म्हणजे तुमचे संरक्षण.

२०२५ पासून अशी साधने उघड विकली जात आहेत जी मुलाखतीचे बोलणे ऐकून पडद्यावर उत्तर दाखवतात आणि स्क्रीन शेअरमध्ये दिसत नाहीत. अनुभवी मुलाखतकार ते पडद्यावर शोधत बसत नाहीत. प्रत्येक प्रश्नानंतर सारखाच तीन-चार सेकंदांचा थांबा, डावीकडून उजवीकडे फिरणारी नजर, बोलण्यापेक्षा अगदी वेगळी पुस्तकी वाक्ये, एवढ्यावरून त्यांना संशय येतो. मग ते फक्त विचारतात, "हीच ओळ काढून टाकली तर काय होईल?" तिथे उसने उत्तर संपते. गूगलचे सुंदर पिचाई यांनी २०२५ मध्येच सांगितले, की किमान एक फेरी समोरासमोर घेण्याकडे ते पुन्हा वळत आहेत.

प्रामाणिक उमेदवाराने यातून एवढेच घ्यावे: विचार मोठ्याने करा. "मला दोन मार्ग दिसतात, पहिला सोपा आहे पण मोठ्या इनपुटवर अडकेल" असे बोलत गेलात की थांबे आपोआप समजतात. टिपण पाहायचे असेल तर सांगून पाहा. कॅमेरा ज्या पडद्यावर आहे त्याच पडद्यावर मुलाखतीची विंडो ठेवा, आणि दुसरा मॉनिटर काढून टाका. एखादे उत्तर येत नसेल तर "हे मी वापरलेले नाही, पण माझा अंदाज असा" हे पूर्ण आदरणीय उत्तर आहे.

मान वळवायला किंवा चेहऱ्यापुढून हात फिरवायला सांगितले तर अपमान मानू नका. चेहरा बदलणारे बनावट व्हिडिओ वापरून लोक दूरस्थ नोकऱ्यांना अर्ज करत आहेत, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२२ मध्येच दिला होता. पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय याच तपासणीत अडथळा ठरते, म्हणून साधी भिंत बरी.

फसवणूक उलट दिशेनेही होते. फक्त टेलिग्रामवर चालणारी मुलाखत, नोंदणीचे किंवा लॅपटॉपचे पैसे, एनीडेस्क टाकायचा आग्रह, स्क्रीन शेअर चालू असताना बँकेचे अॅप उघडायला लावणे: यातले एक जरी आले तरी कॉल बंद करा. "हा कोड उतरवून चालवून दाखवा" या असाइनमेंटमधून मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, घुसवल्याची प्रकरणे २०२३ पासून नोंदली गेली आहेत. अनोळखी रिपॉझिटरी (कोडचा साठा) आपल्या मुख्य यंत्रावर चालवू नका, वेगळ्या आभासी यंत्रात चालवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जेवढ्या लवकर फोन, तेवढी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

"पास करून देतो" म्हणणारे

तुमच्या जागी दुसरा बसेल, किंवा दुसऱ्याच्या हाती तुमचा पडदा जाईल, अशी हमी देणारे एजंट प्रत्येक शहरात आहेत. ते आधी मूळ गुणपत्रिका, आधार आणि कोरे धनादेश घेतात, आणि पुढे तेच धमकीचे साधन होते. संगणक वापरून दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. केंद्राच्या भरती आणि प्रवेश परीक्षांसाठी सार्वजनिक परीक्षा (अनुचित मार्ग प्रतिबंध) कायदा २१ जून २०२४ पासून लागू आहे: तीन ते पाच वर्षे कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड, संघटित गुन्ह्यात पाच ते दहा वर्षे आणि किमान एक कोटी दंड. सप्टेंबर २०२१ च्या जेईई मेनमध्ये सोनीपतच्या केंद्रातले संगणक दूरवरून चालवल्याच्या आरोपावरून सीबीआयने गुन्हा नोंदवला, आणि त्यातल्या अटका पुढच्या वर्षीही चालू होत्या. मधल्या काळात त्या मुलांच्या हाती कोणते कॉलेज राहिले असेल, याचा विचार पालकांनी पैसे मोजण्याआधी करावा.

खासगीपणा कुठे राखायचा

खोली फिरवून दाखवण्याआधी बँकेची कागदपत्रे, औषधे, आधारच्या झेरॉक्स आणि घरातल्यांचे फोटो बाजूला ठेवा. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोच्या संघीय न्यायालयाने एका सरकारी विद्यापीठाने विद्यार्थ्याची खोली अशी स्कॅन करणे घटनाबाह्य ठरवले. तो निकाल आपल्याला बांधील नाही, पण आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क मानले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसायला लावण्याचा हक्क आहे, आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. निकाल लागल्यावर एक साधा मेल करा: माझे रेकॉर्डिंग किती दिवस ठेवता, कोणाकडे आहे, कधी पुसणार? ही काळजी वायफळ नाही, २०२० मध्ये प्रॉक्टर-यूच्याच सुमारे ४ लाख ४४ हजार वापरकर्त्यांची माहिती बाहेर फुटली होती. परीक्षा संपताच ब्राउझरचे एक्स्टेन्शन आणि सुरक्षित ब्राउझर काढा, कॅमेरा-मायक्रोफोनच्या परवानग्या मागे घ्या, यंत्र रीस्टार्ट करा.

परीक्षा आणि मुलाखत घेणाऱ्यांसाठी

नागपुरातल्या लहान कंपन्या आणि कॉलेजे महागडे सॉफ्टवेअर घेतात आणि प्रश्न मात्र तेच जुने ठेवतात. त्यापेक्षा पैसे आणि वेळ प्रश्नांवर घाला. प्रत्येकाला आकडे बदलून प्रश्न द्या आणि लेखी चाचणीनंतर दहा मिनिटांची तोंडी फेरी घ्या: "तुझ्या तिसऱ्या उत्तरात ही पायरी का घेतलीस?" नियम किमान एक आठवडा आधी मराठीतही द्या. लाइन गेली तर किती मिनिटे माफ, हे त्यात आकड्यात लिहा. फ्लॅगच्या गुणांकावर कोणाला आपोआप बाद करू नका. आधी माणसाने तो भाग पाहावा, मग उमेदवाराला विचारावे, मग निर्णय घ्यावा. भाव ओळखणारी साधने घेऊ नका. हायरव्ह्यू कंपनीने मुलाखतीतले चेहऱ्याचे विश्लेषण सोडल्याचे २०२१ मध्येच जाहीर केले आणि युरोपीय संघात फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी व शिक्षणात भाव ओळखण्यावर बंदी आहे. मे महिन्यात परीक्षा ठेवायचीच असेल तर सकाळी दहाच्या आत संपेल अशी ठेवा, आणि राखीव दिवसाची तारीख वेळापत्रकातच छापा.